वासाला किती गुण?

३ मार्च, सोमवार

झालं! शेवटी माझंच नाव घातलं यादीत. मी नको नको म्हणत असताना.

पालिकेने ठरवलंय, शहरातल्या कुठल्या वस्त्या राहण्यास अयोग्य आहेत ते एकदाचं नक्की करायचं. प्रत्येक वस्तीला तीन माणसांची समिती. एक इंजिनिअर, एक डॉक्टर आणि एक ‘स्थानिक कर्मचारी’, म्हणजे राहतो त्याच वस्तीत आणि नोकरी करतो पालिकेत. सरसाच्या, म्हणजे हाडं-कातडी उकळून डिंक करतात त्या कारखान्यामागे राहणारी आणि पालिकेत खर्डेघाशी करणारी बाई एकच, ती मी. साहेब म्हणाले, “तुम्ही तिथल्याच. तुम्हाला जास्त कळणार.” वर हसले. वीस वर्षं जन्म-मृत्यूचे दाखले लिहिले, आता वस्तीचा लिहा म्हणे.

वीस प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. जितकं वाईट तितके गुण जास्त — आमच्या कचेरीचं सगळंच उलटं! साठ भरले की वस्ती अयोग्य. मग माणसांना पुलापलीकडच्या नव्या इमारतींत घरं द्यायची आणि इथली घरं पाडायची. कारखाना मात्र जागच्या जागी. त्याला कोण हलवणार?

पाय सुजलेत. त्यात तीन जिने.

४ मार्च, मंगळवार

घरी सांगितलं. सांगायला नको होतं.

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. “मला त्या सातव्या मजल्यावर नेऊन टाकणार होय? तिथे माझ्याशी बोलायला कोण येणार, कावळा?” हे म्हणाले, “अगं, सगळीकडे शून्य टाक आणि मोकळी हो.” यांचं बरं आहे. कारखान्यात पॅकिंगला, घरापासून चार मिनिटं. दुपारी जेवायला घरी येतात, वर दहा मिनिटं डोळा लावतात. पुलापलीकडून दोन बस बदलाव्या लागतील.

लेकीने वहीतून डोकं वर काढलं. मग म्हणाली, “आई, सगळीकडे पाच दे.”

मी म्हटलं, जे आहे ते लिहिणार. कमी नाही, जास्त नाही. आजवर एकाही दाखल्यावर खोटी तारीख टाकली नाही मी. “आली मोठी!” असं म्हणून हे हात धुवायला उठले.

७ मार्च, शुक्रवार

समितीची पहिली बैठक. दोन तास गेले आणि एकाही प्रश्नाचं नीट काही ठरलं नाही. वाद कशावर? तर वाईट जागा म्हणायचं कशाला!

इंजिनिअर तरुण आहे, बोलतो फार. त्याचं म्हणणं, जिथे गटार आणि पिण्याच्या पाण्याचा नळ यांच्यात चार फूट अंतर नाही ती वाईट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझ्याकडे एकाच गल्लीतून खोकल्याचे तीस पेशंट आले की मला दुसरं काही बघावं लागत नाही.” साहेब डोकावायला आले होते, त्यांना तर चेवच आला. म्हणाले, “सोपं आहे हो! तिथल्या घरात तुम्ही तुमची मुलगी द्याल का? नाही ना? मग लावा शिक्का!” आणि माझ्याकडे बघून एकदम चाचरले. मी फाईल चाळत बसले.

मला विचारलं तुमचं मत काय. मी म्हटलं, जिना चढताना बल्ब नसतो ती. दोघंही हसले. मी विनोद केला नव्हता.

एक नियम बरा आहे. तिघांच्या गुणांची सरासरी काढायची, पण वास आणि आवाज या दोन प्रश्नांना स्थानिकाचे गुण दुप्पट, म्हणजे दोन माणसांचे म्हणून धरायचे. कारण बाहेरचा माणूस दहा मिनिटं उभा राहणार, रोज सोसतो तो आपण. ज्याने हे लिहिलं त्याला थोडी तरी अक्कल होती.

९ मार्च, रविवार

सासूबाईंना घेऊन नव्या इमारती बघून आले. त्यांचाच हट्ट. “बघते तरी कुठे मारणार मला!”

खोटं कशाला बोलू, स्वच्छ आहेत. लिफ्ट आहे, ती चालूही होती. खिडक्या मोठ्या. स्वयंपाकघरात माझे दोन्ही हात पसरून उभं राहता येतं, इथे एक कोपर भिंतीला लागतं. मी दोन वेळा हात पसरून बघितले, कोणी बघत नाही असं बघून.

पण पाचव्या मजल्यावर सासूबाईंना तहान लागली. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं. एक वाजवलं, दोन वाजवली. तिसऱ्या दाराआडून एक बाई म्हणाली, “काय पाहिजे?” पाणी पाहिजे म्हटलं, तर म्हणाली, खाली नळ आहे. दार उघडलं नाही. सासूबाई तशाच तहानलेल्या लिफ्टने उतरल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, “तुझ्या वीस प्रश्नांत हे आहे का गं?”

नाही. मी परत वाचून काढले सगळे. नाही.

११ मार्च, मंगळवार

खालच्या शिंप्याला बातमी लागली. म्हणजे सगळ्या वस्तीला लागली. कचेरीतून येते तो दुकानापुढे आठ-दहा माणसं माझीच वाट बघत. पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही!

शिंपी म्हणाला, “वहिनी, मी सांगतो वाईट जागा कुठली. जिथे माणसं उसवलेलं शिवून न घेता फेकून देतात ती. तिथे मी जगणार कसा?” पहिल्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, तसं नाही, ज्या जागेचा पत्ता सांगितल्यावर समोरचा एक क्षण थांबतो ती वाईट. त्यावर शिंपी उसळला. “मग काय मास्तर, सही करू का आम्ही, पाडा म्हणून?” मास्तर म्हणाले, “मी फक्त व्याख्या केली!” यावर अर्धा तास. कोणी म्हणे पाणी, कोणी म्हणे पोलीस, कोणी म्हणे शेजार. तोंडाला तोंड लागलं. मी मधल्या मध्ये उभी, हातात भाजी, गुडघ्यातून कळा.

शेवटी शिंपी माझ्या मागे जिन्यापर्यंत आला. हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या हातात आहे वहिनी. सांभाळा.”

माझ्या हातात! माझ्या हातात आजवर घरातला रेडिओसुद्धा नव्हता.

१२ मार्च, बुधवार

काही नाही. दमले.

१५ मार्च, शनिवार

कपाट आवरताना लेकीचे दोन चांगले ड्रेस दिसेनात. विचारलं तर आधी उडवाउडवी. मग म्हणाली मैत्रिणीकडे ठेवलेत. तिचं घर कॉलेजजवळ आहे, सकाळी जाताना ही तिथे कपडे बदलते, येताना पुन्हा बदलून येते! कधीपासून? तर गेल्या वर्षीपासून!

मी कपाट लावून घेतलं. म्हटलं, कोण आहे तो? सरळ सांग, मी यांना समजावते.

“कोणी नाही गं!” एवढ्या जोरात ओरडली की सासूबाई आतून बाहेर आल्या. “कोणी असायला आधी शेजारी बसायला तर पाहिजे! माझ्या बाकावर कोणी बसत नाही आई. कपड्यांना वास येतो आपल्या. सगळ्यांच्या. पडद्यांना, अंथरुणांना. तुला कसं कळत नाही?”

मी म्हटलं, रोज साबणाने धुते मी कपडे, दोन पाण्यांतून काढते, उन्हात घालते. वास कसला? माणसांशी जरा हसून बोलावं, मग बसतात शेजारी. आणि आमची लाज वाटत असेल तर तसं सांग. वासावर कशाला ढकलतेस?

तिने माझ्याकडे बघितलं. रडेल असं वाटलं, रडली नाही. म्हणाली, “राहू दे.” आणि गॅलरीत जाऊन बसली.

फार लागलं मला. बापाने त्याच कारखान्यात पाठ मोडून शिकवली हिला. एकोणीस वर्षांची घोडी झाली, नाकं मुरडायला शिकली!

१६ मार्च, रविवार

अबोला. जेवणसुद्धा वेगळं घेतलं. मी पण बोलायला गेले नाही.

१८ मार्च, मंगळवार

पाहणी झाली. सकाळी नऊ ते चार. जीव मेटाकुटीला आला.

जे दिसलं ते दिलं. गटाराला मी पाच दिले. इंजिनिअरने चारच दिले होते, माझ्याकडे बघतच राहिला. जिन्यांना चार. उजेडाला चार. आमच्याच मजल्यावरच्या संडासाला पाच देताना सासूबाई दारातून बघत होत्या, मला मान वर करवेना. पाण्याला दोन, कारण पाणी येतं, वेळेवर येतं, ते नाही कशाला म्हणू? शेजाऱ्यांना विचारायचे प्रश्न होते, त्यांत लोकांनी आम्हाला घरात बसवलं, चहा केला. डॉक्टरीणबाईंनी एकाही घरात चहा घेतला नाही. घोटभर घेतला असता तर काय झालं असतं?

मग अकरावा प्रश्न, वास. नियम असा की कारखान्याच्या कोपऱ्यावर तिघांनी दहा मिनिटं उभं राहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आपापला आकडा लिहून कागद दुमडायचा. दोन मिनिटं झाली नाहीत तर इंजिनिअरने रुमाल काढला. चार मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी पदर— डॉक्टरीण झाली म्हणून काय, एवढं नाटक! पोरं खेळत होती समोर, ती थांबून बघायला लागली. शिंपी दुकानातून बघत होता. मला इतकी शरम वाटली त्या सगळ्यांसमोर. पाहुण्यांनी आपल्या दारात उभं राहून नाक दाबावं तशी.

मी रुमाल काढला नाही. डोळे मिटून नीट लक्ष दिलं. चांगले लांब श्वास घेतले, अगदी प्रामाणिकपणे. काही नाही. भट्टीचं झाकण उघडतात तेव्हा थोडं गोडूस काहीतरी येतं, ते मला माहीत आहे, तेवढ्याचा एक दिला. शून्यसुद्धा देता आला असता.

कागद उघडले. इंजिनिअर चार, डॉक्टरीणबाई पाच, मी एक. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “बाई, पुन्हा एकदा विचार करा. राग मानू नका, पण तुम्हाला सवय झालीय.” मी म्हटलं, “सवय तुम्हाला नाही, म्हणून तुम्हाला जास्त येतो. नियम कशाला केलाय मग?” त्यांनी आकडे फाईलमध्ये चढवले.

१९ मार्च, बुधवार

अजून डोक्यातून जात नाही. सवय झालीय म्हणे! गटाराची नाही झाली ती सवय? संडासाची नाही झाली? त्यांना दिले की मी पाच-पाच! ज्याला द्यायचे त्याला दिलेच ना?

घरी यांना विचारलं, तुम्हाला येतो का हो वास? म्हणाले, “कसला?” सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हा यायचा. मग कारखान्याने बंद केला असेल.”

बघा! चार जणांच्या घरात तिघांना येत नाही. एकीलाच येतो, तर खोटं कोण?

२७ मार्च, गुरुवार

निकाल लागला. अठ्ठावन्न.

इंजिनिअर बेरीज दोनदा करून उठला. पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाला, “वासाला तुम्ही पाच दिले असते ना बाई, तर बरोबर साठ भरले असते.” रागाने नाही म्हणाला. दमलेला होता तोही.

वस्ती राहण्यास योग्य. कागदावर तिघांनी सही करायची होती. डॉक्टरीणबाईंनी सहीखाली बारीक अक्षरांत ‘असहमत’ लिहिलं. साहेबांनी फाईल बांधली. आता दहा वर्षं पुन्हा पाहणी नाही. मीच शेरा लिहिला, मीच शिक्का मारला. हरकत असेल तर तीस एप्रिलपर्यंत समितीच्या सदस्याने लेखी द्यावी, असं खाली छापलेलं असतं. कोणी देत नाही.

आनंद व्हायला हवा होता. झाला का? घर वाचलं. यांची दुपारची डुलकी वाचली. हुश्श म्हणून बसले बाकावर आणि एक बस सोडली.

२८ मार्च, शुक्रवार

वस्तीत मी म्हणजे आता कोण! शिंप्याने पडदे शिवून दिले, पैसे घेईना. मास्तर म्हणाले, “तुमच्यामुळे छप्पर राहिलं.” सासूबाई येईल जाईल त्याला सांगतायत, आमच्या सूनबाईने दोघांना पुरून उरली. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक करतायत. ते पण चुकीच्या व्याकरणात.

लेक पुस्तकं भरत होती. फक्त विचारलं, “वासाला किती दिलेस?”

एक म्हटलं.

“दुप्पट होऊन?”

नाही, दुप्पट करायच्या आधी.

मान हलवली आणि पुस्तकं घेऊन निघून गेली. मी मनात दहा उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही.

३१ मार्च, सोमवार

हिने कॉलेजच्या वसतिगृहासाठी अर्ज केला होता! मला न सांगता. आज उत्तर आलं, पत्र माझ्याच हाती पडलं. जागा नाही. कारण? ‘अर्जदाराचे राहते घर शहरातच असून पालिकेच्या अहवालानुसार सदर वस्ती राहण्यास योग्य आहे.’

खाली जोडलेल्या प्रतीवर माझा शिक्का.

पत्र तिच्या उशाशी ठेवलं. काय बोलायचं होतं? रात्री भाजी करपवली. तशीच खाल्ली सगळ्यांनी.

२ एप्रिल, बुधवार

ताईचं ऑपरेशन ठरलं. तिच्याकडे करायला कोणी नाही, मला जावं लागणार. साहेबांनी पंधरा दिवसांची रजा दिली, कुरकुर न करता. वस्तीच्या कामाचं बक्षीस असावं. निघताना लेक बस थांब्यापर्यंत आली, पिशवी तिनेच उचलली. बस सुटताना म्हणाली, “नीट जा.” तेवढ्यानेही बरं वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

ताई म्हणजे कमाल आहे! मी पोचले तशी मला न विचारता माझी पिशवी उपसली आणि सगळे कपडे भिजत घातले. घडी केलेले, धुतलेले कपडे! मी म्हटलं, अगं स्वच्छ आहेत. म्हणाली, “असू दे, प्रवासाचे.” अंगावरचे पण काढायला लावले, स्वतःचा गाऊन दिला. पोटावर हात धरून, वेदनेने वाकलेली बाई, पण हिची स्वच्छता काही सुटत नाही. लहानपणापासून अशीच.

आमच्याकडे कधी राहायला का येत नाहीस, असं विचारलं. म्हणाली, “जिने गं.” दुखणं लागायच्या आधीही जिनेच म्हणायची.

९ एप्रिल, बुधवार

ऑपरेशन नीट झालं. ताई झोपून असते, मी स्वयंपाक करते आणि खिडकीत बसते. मला इथे करमत नाही. हवेला काही चवच नाही. सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, गॅस बंद केला की नाही तसं. उठून बघते तर बंद असतो.

भूक मात्र लागतेय. ताई म्हणते, रंग उजळला तुझा. दमणूक कमी झाली असेल.

१३ एप्रिल, रविवार

लेकीचा फोन. आजीचे गुडघे दुखतायत, बाबा बरे आहेत. तू गं? “मी आहे.” शेजारच्यांच्या फोनवरून फार वेळ बोलता येत नाही म्हणाली. मग आपणहून म्हणाली, “आई, ये आता.”

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी दोनला उतरले. लेक थांब्यावर होती. पहिली गोष्ट मी काय विचारली तर, “इथे काय मेलंय गं? गटारात कुत्रं पडलंय का?” नाकातोंडात काहीतरी भरलं होतं, डोळ्यांतून पाणी. तिने इकडेतिकडे बघितलं. म्हणाली, “काही नाही मेलं आई. रोजचंच आहे.”

पिशवी घ्यायला वाकली. तिच्या केसांतून तोच वास आला. माझ्या लेकीच्या केसांतून! मी मागे सरकले. तिने ते बघितलं.

वाटेत शिंप्याने हाक मारली, मला ओ देता आली नाही, ओकारी आवरत होते. जिन्यात, घरात, पडद्यांत, सासूबाईंनी जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या अंगाला. सगळीकडे.

हरकतीचा कागद घेऊन बसलेय. वास कसा येतो ते नेमकं लिहायचंय, उद्या साहेबांच्या हातात द्यायचंय. दोन ओळी झाल्या. आता सहा वाजलेत. आणि तो कमी व्हायला लागलाय.